बेपत्ता बावीस आणि सात नंबरची सायकल

१

सोमवारी सकाळपर्यंत डहाणूतल्या बावीस सार्वजनिक सायकली नाहीशा झाल्या होत्या आणि मंगळवारी दुपारी ते सागरतीर सायकल मंडळाच्या लक्षात आलं. मंडळाच्या मानाने हा वेग चांगलाच म्हणायला हवा.

शहर वाढत होतं. स्टेशनबाहेर रिक्षांना उभं राहायला जागा उरली नव्हती आणि समुद्राकडच्या रस्त्यावर दोन मोटारी समोरासमोर आल्या की मागे कोणी जायचं, हे ठरवताना दोन्हीकडचे पूर्वज निघत. म्हणून ही योजना. माणसाने स्टँडवरून सायकल घ्यावी, काम उरकावं, जवळच्या स्टँडला लावावी, मग ती दुसऱ्याने घ्यावी. चाळीस हिरव्या सायकली, पाच स्टँड. प्रत्येक सायकलीच्या कुलपात एक यंत्र होतं आणि ते मंडळाच्या नकाशावर ठिपका दाखवी. योजना चालली तर दुसरा टप्पा तलासरीला. तिथला स्टँड बांधून तयार होता, कोनशिलाही बसली होती. फक्त सायकली यायच्या राहिल्या होत्या.

आता नकाशावरचे बावीस ठिपके विझले होते आणि शुक्रवारी जिल्ह्याहून पाहणी समिती येणार होती.

मंडळाच्या सचिव रश्मीमॅडमनी पोलिसांना बोलावण्याआधी दशरथ चुरींना बोलावलं. चुरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षांत त्यांनी चिकूच्या करंड्यांपासून एका लग्नाच्या बँडच्या ढोलापर्यंत शेकडो हरवलेली पार्सलं शोधून काढली होती. त्यांचा सिद्धांत एकच होता: वस्तू कधी हरवत नाही, माणूस हरवतो, वस्तू असते तिथेच असते. हा सिद्धांत ते लग्नाकार्यातही ऐकवत, म्हणून त्यांना पंगतीत बहुधा टोकाला बसवत.

शिवाय ते योजनेचे नेमाचे गिऱ्हाईक. रोज सकाळी स्टेशनच्या स्टँडवरून सात नंबरची सायकल घेऊन ते समुद्रावर जात. बाकीच्यांना हवी ती सायकल कधी मिळे, कधी नाही. चुरींना सात नंबर हमखास मिळे. त्यामागे एक युक्ती होती. पण युक्त्या सांगत सुटणारा माणूस पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं टिकत नाही.

“चोर सापडलाय,” रश्मीमॅडम म्हणाल्या. “विपुल म्हणतो, लडक्या.”

चुरींनी चष्मा पुसला. लडक्या हा स्टेशनच्या स्टँडचा राखणदार. चाळिशीचा, कमी बोलणारा, आशागडच्या बाजूच्या एका पाड्यातला, महिन्याच्या पगारावर लागलेला तिथला पहिला माणूस. मंडळाचा हिरवा शर्ट तो इस्त्री करून घाली. तलासरीचा स्टँड सुरू झाला की तिथला मुख्य तोच होणार होता.

“शुक्रवारपर्यंत दुसरं काही निघालं नाही,” मॅडम म्हणाल्या, “तर मला त्याचं नाव तक्रारीत घालावं लागेल, काका.”

२

विपुल पांचाळ हा सायकली पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याच्याकडे दोन मोबाइल होते आणि दोन्हींवर तो एकाच वेळी नाही म्हणू शके. त्याने चुरींना पडदा दाखवला. बावीसच्या बावीस सायकली स्टेशनच्या किल्लीने उघडलेल्या होत्या. एरवी कुलूप स्मार्टफोनने उघडे; ज्यांच्याकडे साधा फोन असेल किंवा नसेलच, त्यांच्यासाठी प्रत्येक स्टँडच्या राखणदाराकडे एक किल्ली दिलेली. स्टेशनची किल्ली लडक्याकडे.

“काका, माणूस खोटं बोलतो, डेटा नाही बोलत. यंत्रं फोडली आणि माल बॉर्डरपार. तलासरी ओलांडली की गुजरात, कोण विचारतो?”

चुरींनी विचारलं, यंत्राला वीज कुठून मिळते. विपुल म्हणाला, चाक फिरलं की. सायकल उभी राहिली की चारेक दिवसांत यंत्र झोपतं. मग ठिपके एकदम विझले की एकेक करून, असं चुरींनी विचारलं. विपुलने पडद्यावर बोट फिरवलं. आठवडाभरात, एकेक करून. आणि विझण्याआधी प्रत्येक ठिपका चार दिवस एकाच जागी होता.

“म्हणजे फोडली नाहीत,” चुरी म्हणाले. “पळवलीही नाहीत. उभी आहेत. उभ्या उभ्या झोपलीत.”

विपुलने दोन्ही मोबाइल खिशात घातले. हे विचारात पडल्याचं लक्षण होतं.

दुसरा संशयित म्हणजे रिक्षा संघटनेचा उमेश. योजनेच्या उद्घाटनाला त्याने काळा झेंडा आणला होता आणि वारा पडल्यामुळे तो कोणाला दिसला नव्हता. त्याने संशयाबद्दल आभार मानले. इतका मान त्याला संघटनेतही मिळत नव्हता. पण सायकली चोरायच्या असत्या तर आपण आधी सीटं चोरली असती, असं त्याने सांगितलं, त्यात मेहनत कमी आणि लोकांचा त्रास जास्त. चुरींना हे पटलं.

राहिला लडक्या. तो स्टँडवर उरलेल्या सायकलींना तेल देत होता. हो, आपणच उघडून दिल्या, तो म्हणाला. माणसांना हव्या होत्या. कोणाला वीटभट्टीवर जायचं, कोणाला वाडीत चिकू उतरवायला. नावं विचारल्यावर मात्र तो साखळीशी बोलल्यासारखा खाली बघून बोलला.

“नावं दिली तर तुम्ही त्यांना आणून बसवाल. ती येतील, काका. कामं झाली की येतील.”

नकाशावरचे शेवटचे ठिपके आशागडच्या आसपास होते. चुरी, विपुल आणि लडक्या उमेशच्या रिक्षातून निघाले. योजनेची फजिती पाहायला मिळणार म्हणून उमेशने मीटरचं नावही काढलं नाही.

एका चिकूच्या वाडीच्या कडेला, कुंपणाच्या सावलीत, नऊ हिरव्या सायकली ओळीने उभ्या होत्या. पुसलेल्या. चाकांत हवा भरलेली. आणि प्रत्येकीच्या ब्रेकला गवताची एक काडी वळसा देऊन गाठ मारलेली.

विपुलला तो कचरा वाटला. तो काडी ओढायला गेला, तसा लडक्या मधे आला. आवाज चढवलेला लडक्या आजवर कोणी ऐकला नव्हता.

“हात नका लावू. ज्याची गाठ, तो सोडील.”

मग चुरींनी विपुलला ती रीत समजावली. पार्सल ऑफिसात असताना त्यांनी वाटेत एक लाकडाची मोळी तीन दिवस तशीच पडलेली पाहिली होती. वर गवताची गाठ. बाजारात रानभाजी विकायला येणाऱ्या काळीने, म्हणजे या लडक्याच्या आईने, तेव्हा त्यांना सांगितलं होतं. रानात मोळी बांधली, मधाचं पोळं दिसलं, आणि लगेच नेता येत नसेल, तर गाठ मारून जायचं. मग त्याला दुसरा कोणी शिवत नाही. महिनाभर पाऊस कोसळला तरी नाही.

“म्हणजे ह्या लोकांनी सायकली बुक करून ठेवल्यात?” विपुल म्हणाला.

“आणि आपल्या बुकिंगपेक्षा हे पक्कं आहे,” उमेश म्हणाला. त्याला फार आनंद झाला होता.

आता चित्र स्पष्ट होतं. भट्टीवर गेलेला माणूस आठ-दहा दिवसांनी परतणार. तोवर सायकल त्याची वाट बघत उभी. शेजारून दुसरा उन्हात पायी चाललेला. पण तो हात लावणार नाही. एकही चोर नव्हता. इतके सज्जन लोक एकाच योजनेत आले की तिचं दुसरं काय होणार?

चुरींना पार्सल सापडल्याचा जुना आनंद झाला. त्या भरात ते मोठ्याने म्हणाले, “एवढंच कळत नाही, रानातली रीत सायकलीवर आणली कोणी? पहिली गाठ कोणाची?”

लडक्या त्यांच्याकडे बघत होता. जरा जास्तच वेळ.

३

बुधवारी चुरी आणि लडक्या बसने तलासरीला गेले. आशागड सोडून सर्वांत लांब गेलेला ठिपका तिथे विझला होता. वाटेत चुरी बोलत होते आणि लडक्या खिडकीबाहेर बघत होता. तलासरीचा रिकामा स्टँड दिसला तेव्हा मात्र त्याने मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. कोनशिलेवर कोणीतरी चादर वाळत घातली होती.

दवाखान्याच्या बाहेर जांभळाखाली एकोणतीस नंबर उभी होती. ब्रेकला गाठ. शेजारी दहाबारा माणसं, कोणाला गावात जायचं, कोणाला औषध आणायचं. सगळी सायकलीकडे पाठ करून बसलेली, सायकल कोणी नेलेली नाही.

गाठ हिरूची होती. तिशीचा, वाडीत काम करणारा. त्याच्या बायकोची तारीख जवळ आली, तिला गाडीतून पुढे पाठवलं आणि हा मागून डहाणूहून सायकल हाणत आला. मुलगी झाली होती. सहा दिवस झाले तो इथेच होता. त्याने काहीही लपवलं नाही. लपवायचं काय होतं?

चुरींनी पेढ्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि हळूच मुद्द्यावर आले. गाठ बांधायची रीत त्यांना ठाऊक होती. पण ही मंडळाची सायकल. हिला कशी बांधली?

“तेच आमच्यात बोलणं झालं,” हिरू म्हणाला. “धनी असंल त्या वस्तूला गाठ नाय बांधत. कोणाच्या वाडीतल्या झाडाला बांधली तर ती चोरीच. गाठ रानाला. ज्याला कोणी धनी नाय त्याला. पहिले दोन महिने कोणी नाय बांधली. सायकल घ्यायची, परत लावायची, दुसरा घ्यायचा. लडक्यादादा रुसायचा ना, उशीर झाला तर.”

“मग?”

“मग ठेसनावर सात नंबरला गाठ दिसली. रोज. आमच्यातल्या कोणी बांधली नव्हती, आम्ही विचारलं. शिकल्यासवरल्या माणसाची होती. डहाणूतला, सरकारातला. तेव्हा आम्हाला वाटलं, त्याला ठाऊक असंल. हिला धनी नाय.”

जांभळाखाली एक जण बिडी विझवून उठला, पुन्हा बसला.

चुरींना आपली युक्ती आठवायला प्रयास पडले नाहीत. ती ते रोज करत. समुद्रावरून परतलं, सात नंबर स्टँडला लावली, की कठड्याजवळची गवताची काडी खुडायची, ब्रेकला वळसा, एक गाठ. शहरातल्या माणसाच्या नजरेला कचरा. सकाळी स्टेशनवर उतरणारी पाड्यातली माणसं मात्र त्या सायकलीला वळसा घालून जात. सात नंबरचं सीट त्यांच्या उंचीला बरोबर होतं, एवढंच. एवढ्यासाठी.

हिरूने त्या माणसाचं नाव सांगितलं नाही. त्याला ठाऊक नव्हतं. लडक्याला ठाऊक होतं. तो रोज सकाळी स्टँडवर असे.

परतीच्या बसमध्ये चुरी खिडकीबाहेर बघत होते. आशागड आल्यावर लडक्या उतरायला उठला, तेव्हा त्यांनी विचारलं, “तू मंडळाला सांगितलं का नाहीस?”

“गाठ तुमची,” लडक्या म्हणाला. “मी कशी सोडू?”

४

चुरींनी ठरवलं, अहवालात सगळं नीट मांडायचं. अहवाल शुक्रवारी समितीपुढे ठेवायचा. बुधवारी संध्याकाळी त्यांनी ‘प्रास्ताविक’ लिहिलं. ते फार चांगलं उतरलं. त्यात सायकलीचा शोध कुठे लागला इथपासून सुरुवात होती.

गुरुवारी दुपारी त्यांची बायको चंद्रिका बाजारातून आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि शेवग्याच्या शेंगा मोजता मोजता म्हणाली, “लडक्याला मंडळाच्या बाहेर बाकावर बसवलंय. सकाळी दहापासून. भर बाजारासमोर. गळ्यात पाटी नाही अडकवली, एवढंच.”

विपुलने वरच्या ऑफिसाला कळवलं होतं आणि वरच्या ऑफिसाने चौकशी करा असं कळवलं होतं. चौकशी म्हणजे बाकावर बसवणं. प्रश्न कोणी विचारत नव्हतं.

“तुमचा तपास काल संपला म्हणालात,” चंद्रिका म्हणाली.

“अहवाल लिहितोय.”

“कोणाला वाचवायला?”

चुरी चपला घालून निघाले. मंडळासमोर रस्त्याच्या अलीकडे नारळपाण्याच्या गाडीशी थांबले. समोर बाकावर लडक्या, इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. येणारेजाणारे बघत होते. त्याच्या पाड्यातल्या बायका भाजीच्या टोपल्या घेऊन समोरूनच गेल्या आणि त्यांनी बघितलं नाही. ते जास्त वाईट होतं.

रस्ता ओलांडायला वीस पावलं होती. चुरींनी एक शहाळं घेतलं. मग दुसरं घेतलं.

पाचला जरा कमी असताना आशागडच्या रस्त्याने सायकली येऊ लागल्या. आधी चार, मग नऊ, मग बाकीच्या. लडक्याला बसवलं ही बातमी भट्ट्यांवर, वाड्यांत पोचली होती. माणसं कामं टाकून आली होती. सर्वांत शेवटी हिरू, तलासरीहून, घामाने निथळत. बाकासमोर एकेकाने सायकल उभी केली, आपापली गाठ सोडली, काडी खिशात टाकली. विपुलने मोजल्या. बावीस. त्याने मोबाइलवर वर कळवलं की टोळी घाबरली, माल परत आला.

मग पलीकडच्या स्टँडकडे बोट करून त्याने विचारलं, त्या सात नंबरला पण गवत आहे, ती कोणाची?

जमलेल्यांपैकी एकानेही तिकडे पाहिलं नाही. लडक्यानेही मान वर केली नाही. चुरी शहाळं हातात धरून उभे होते. रस्ता मधे वीस पावलं होता.

मग लडक्याला जायला सांगितलं.

शुक्रवारी समितीपुढे चुरींनी अहवाल वाचला नाही. प्रास्ताविक फाडून टाकलं होतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, पहिली गाठ माझी. लडक्याने एकही सायकल चोरली नाही, चोरू दिली नाही. हे माझ्या नावानिशी लिहून घ्या.

रश्मीमॅडमनी लिहून घेतलं. त्यांचा हात मधेच एकदा थांबला. समितीच्या अध्यक्षांना मात्र ही हकीकत अतिशय आवडली. त्यांनी चुरींना गाठ कशी मारतात ते दाखवायला लावलं आणि मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. निवृत्त माणसांमध्ये ही कल्पकता पाहून त्यांना समाधान वाटलं. चहा झाला. मग त्यांनी निष्कर्ष लिहिला: स्थानिक रहिवाशांत सार्वजनिक मालमत्तेविषयी जाणीव अपुरी असल्याने तलासरीचा टप्पा रद्द करावा, डहाणूतील सायकली अन्य शहराकडे वळवाव्यात.

लडक्या निर्दोष असल्याचं पत्र वेगळं टाइप झालं, सही-शिक्क्यासह. ते घ्यायला तो आलाच नाही. गुरुवारी संध्याकाळीच हिरवा शर्ट घडी करून तो मंडळाच्या बाकावर ठेवून गेला होता.

५

रविवारी ते पत्र घेऊन चुरी पाड्यावर गेले. उमेश सोडायला तयार होता; ते नको म्हणाले आणि आशागडपासून पायी गेले. ऊन चांगलं होतं.

काळी अंगणात कुडाच्या सावलीत बसून नाचणी निवडत होती. तिने त्यांना पाणी दिलं. लडक्या कुठे, विचारल्यावर तिने सुपातून मान वर केली नाही.

“बोटीवर गेला. आगर गावच्या कोणाबरोबर. आता पावसाच्या तोंडाला येईल.”

पाड्यातल्या लोकांची वर्षानुवर्षं जाण्याची वाट तीच होती. आठ महिने समुद्रावर, दुसऱ्याच्या जाळ्यावर. लडक्या दहा वर्षं तेच करत होता, ती वाट सोडूनच तो स्टँडवर आला होता.

चुरींनी पत्र पुढे केलं. काळीने ते घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि परत दिलं.

“वाचा. पन थांबा.” तिने हाका मारल्या. माणसं जमली. हिरू आला, त्याच्या मागे त्याची बायको, मुलगी फडक्यात. बाजारातून बाकासमोरून गेलेल्या बायका आल्या. “तिकडं बाजारात सगळ्यांनी बघितलं,” काळी म्हणाली. “हेपन सगळ्यांना ऐकू द्या.”

चुरींनी वाचायला सुरुवात केली. ‘उपरोक्त विषयान्वये सदर इसमाविरुद्ध कोणताही दोष सिद्ध होत नसल्याने...’ लोक शांतपणे ऐकत होते, न कळणाऱ्या भाषेतली कथा ऐकतात तसे. दुसऱ्या ओळीत त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

“लडक्याने काही चोरलं नाही,” ते म्हणाले. “सात नंबरची गाठ माझी होती. ती मी बांधायला नको होती. आणि मला बुधवारीच कळलं होतं. मी गुरुवारी बोललो नाही.”

लोकांनी माना हलवल्या. कोणी रागावलं नाही. एक म्हातारा म्हणाला, चूक होते माणसाच्या हातून. एका बाईने त्यांना बसायला खाट ओढली. चुरींना वाटलं, आपण फार मोठं ओझं खाली ठेवलं.

मग काळीने सूप बाजूला केलं. तिने जे विचारलं त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता; तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मग तुम्हाला किती वेळ बसवलं बाकावर?”

चुरी खाटेवर बसले नाहीत.

“नाही बसवलं,” ते म्हणाले. “चहा दिला.”